कंबर तिची, टॉपर माझ्या पसंतीचा

मंडळी, आज सकाळी परभणीच्या बाजारात, चार लोकांदेखत, चपला काढून मी झोपलो.

बायकोची कंबर महिनाभर धरलेली. नवी गादी परवडेना, म्हणून जुन्या गादीवर टाकायचा जेल मेमरी फोमचा टॉपर घ्यायला गेलो. आमच्या ऐपतीतले दोनच निघाले. एक मऊ, एक कडक.

"वहिनी, लेटून बघा. त्याशिवाय कळत न्हाई," दुकानदार म्हणाला.

बायकोनं पदर सावरला. "इथं? माणसांसमोर? यांनाच झोपवा." आणि वांगी दाबून बघावीत तसे तिनं दोन्ही टॉपर बोटानं दाबून बघितले.

मग तिच्या वतीनं मी झोपलो. मऊ टॉपरात माझा देह पार बुडाला, कडक मात्र लय झकास वाटला. शेजारच्या गिऱ्हाइकानंही न विचारता कडकच घ्यायला सांगितलं. जिची कंबर दुखते तिचं वजन माझ्या निम्मं आहे, हे आम्हा तिन्ही पुरुषांना सुचलं नाही.

घरी ती टॉपरवर आडवी झाली आणि लगेच उठली. "अहो, शहाबादी फरशीवर झोपल्यावानी वाटायलंय!" पॅकिंग फोडलेलं, त्यामुळं दुकानदार परत घेईना.

आता ती खाली गोधडीवर पडली आहे. पैसे वाया जाऊ नयेत म्हणून टॉपरवर आडवा होऊन मी हे लिहितोय. पाठीला खरंच आराम आहे.

तुमच्याकडं बाईच्या दुखण्याचं सामान कुणाच्या अंगावर तपासून येतं?