गाडी मागे घेण्याची शिट्टी

मला थुंकीची किळस आहे, आणि माझं अर्धं आयुष्य थुंकीशेजारी बसून गेलं.

आमची बारा चाकी गाडी आहे. फैजपूरहून केळी भरायची, चोपडा-शिरपूर करत आग्रा रोडला लागायचं आणि दिल्लीच्या मंडीत खाली करायची. क्लीनर टिकेनात म्हणून अकरा वर्षांपूर्वी मीच केबिनमध्ये चढले. पुढे हेवी लायसन्स काढलं. घाट ह्यांचा, सपाट रस्ता माझा. बाई ट्रक चालवते म्हणून ढाब्यावर लोक माझे फोटो काढतात. त्यांना वाटतं नवरा-बायको मिळून गाडी चालवतात, काय मजा असेल! मजा बघायची असेल तर एकदा आमच्या केबिनच्या दाराला हात लावून बघावा.

ड्रायव्हरच्या बाजूचं दार बाहेरून मुळात पिवळं आहे, हे मला आरसीबुकावर वाचून सांगावं लागतं. खिडकीपासून पायरीपर्यंत नुसते तांबडे ओघळ. मी साबणाने घासते, डिझेलने घासते, सेंधव्याला पोचेपर्यंत पुन्हा तेच. वारा उलटा असला तर थेंब मागच्या खिडकीतून आत येतात आणि मी बाजूला आडवी झालेली असले तर माझ्या तोंडावर पडतात. जागं व्हायचा असा प्रकार मी वैऱ्यालाही देणार नाही.

मी फार आरडाओरडा केला तेव्हा ह्यांनी सुधारणा केली. पाण्याची एक बाटली वरून कापली, तारेने गिअरशेजारी बांधली आणि तिच्यात थुंकू लागले. बिजासनच्या घाटात पुढचा टँकर अचानक थांबला, ह्यांनी कचकन ब्रेक मारला, तार सुटली आणि ती सगळी बाटली भाकरीच्या फडक्यावर उपडी झाली. सासूबाईंनी शिरपूरच्या फाट्यावर येऊन दिलेल्या कळण्याच्या भाकरी होत्या त्या, अजून कोमट. मी त्या फडक्यासकट दरीत फेकल्या आणि इंदूरपर्यंत ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांना काही फरक पडला नाही. बोलायला ह्यांचं तोंड रिकामं असायचं कधी?

गुटख्याच्या पुडीवर आपल्या राज्यात बंदी आहे. बंदी असलेली ही एकच वस्तू मी प्रत्येक टपरीवर माळेसारखी लोंबताना पाहिली आहे. आणि ती खाऊ घालण्याचं काम माझं. घाटात ह्यांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, म्हणून मी दाताने पुडी फोडायची, दुसऱ्या छोट्या पुडीतली तंबाखू तिच्यात मिसळायची आणि ह्यांच्या तोंडात टाकायची. नवऱ्याला घास लग्नात एकदा भरवतात. मी दर पन्नास किलोमीटरला भरवला.

त्या वासाने मला मळमळतं. म्हणून माझी स्वतःची एक डबी असते, बारीक कातरलेली गोड सुपारी, बडीशेप घातलेली. चिमूट गालात धरली की जीव ठिकाणावर राहतो, झोपही लागत नाही. ती गिळायची असते, थुंकायची नसते. त्यामुळे घाण नाही. मी ह्यांना ती डबी दाखवून कितीदा सांगितलं, माणसाने खायचंच तर असं खावं.

गाडी मागे घेताना मात्र स्टेअरिंग माझ्याकडे. मागे उभं राहून इशारा मी करायची तर हमाल बाईच्या आवाजाला सरकत नाहीत. म्हणून हे मागे उभे राहतात आणि शिट्टी मारतात. बोटं न लावता, नुसत्या ओठांनी. लांब शिट्टी म्हणजे येऊ दे, दोन आखूड म्हणजे थांब. मंडीत वीस जण ओरडत असतात, तरी ती शिट्टी मला बरोबर ऐकू येते. माणूस कितीही गलिच्छ असो, त्या शिट्टीवर माझा विश्वास होता. आरशात बघायचीही मला गरज पडत नसे.

मागच्या उन्हाळ्यात ह्यांनी ठेचा सोडला. सासूबाई म्हणाल्या, "माय वं, मना आंडोरले आते ठेचा बी झोंबस!" पोराला आता ठेचाही झोंबायला लागला, म्हणून आम्ही दोघी खूप हसलो. मग भरीतही बिनमिरचीचं लागायला लागलं. बट्टी वरणात पार लगदा होईपर्यंत कुस्करून खाऊ लागले, तोंडातून अर्धं खाली गळायचं. ते बघून मी ताट उचलून दुसरीकडे बसायची. मला वाटलं, पुढचा किळसवाणा प्रकार सुरू झाला, दुसरं काय!

मग फैजपूरला एका सकाळी मी गाडी माल भरायच्या ओट्याला लावत होते. लांब शिट्टी आली, मी मागे घेत राहिले. दोन आखूड शिट्ट्या आल्याच नाहीत. धाडकन आवाज झाला, हमाल बोंबलले. मी उडी मारून मागे गेले तर केळीच्या क्रेटची थप्पी चेचलेली आणि ह्यांची पाठ ओट्याच्या भिंतीला चिकटलेली. गाडीचा मागचा फाळका आणि ह्यांची छाती यांच्यात वीतभर जागा असेल. सगळ्या अंगावर केळीचा चीक उडालेला.

"शिट्टी का नही मारी?" मी किंचाळले.

"व्हट सुकी ग्यात," हे म्हणाले. ओठ सुकले म्हणे! ह्यांच्या गालात पुडी तशीच होती.

त्याच दिवशी मी ह्यांना जळगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. पोरगेलीच होती. म्हणाली, "भाऊ, तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला." ह्यांची दोन बोटं गेली. तिसरं दातांवर आपटलं. हे लहान पोरासारखे खटपट करत राहिले, बोटांवर लाल लाळ ओघळली, आणि मला एवढी चीड आली की मी ह्यांच्याकडे पाठ केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गालाचं आतलं कातडं आवळत चाललंय. पुढे कॅन्सरही होऊ शकतो. आजपासून बंद. व्यायाम करायचा, रोज तीन बोटं घालून बघायचं.

"मी अकरा वर्षं हेच सांगतेय," मी म्हणाले. "तंबाखू सोडा, तंबाखू सोडा."

"तंबाखू तर वाईटच. पण हे असं तोंड आवळतं ते सुपारीने," त्या म्हणाल्या. "साधी असो, गोड असो, कशीही."

मी ऐकलं आणि ऐकलं नाही. माझी डबी पर्समध्ये होती. मला वाटलं, बाई ह्यांच्या पुडीतल्या सुपारीबद्दल बोलतायत.

ह्यांनी खरंच पुडी सोडली. चिडचिड केली, स्टेअरिंगवर मुठी आपटल्या, पण सोडली. मी दार घासलं, आणि पहिल्यांदा पिवळा रंग दोन खेपा टिकला. रोज सकाळी आरशासमोर हे बोटं घालून बघत आणि मी बाजूला बसून शाळामास्तरणीसारखं विचारायची, "गेलं का तिसरं?"

पुढच्या खेपेला फैजपूरला हे म्हणाले, "आते तू मांगे हुभी ऱ्हाय. मी गाडी लेस. शिट्टी तू मार."

मला त्यात काय अवघड होतं? लहानपणी ज्वारीच्या मळ्यात माळ्यावर बसून मी शिट्टीने पाखरं हाकलायची. चार शेतांपलीकडे ऐकू जायची. पोरीच्या जातीने शिट्टी मारते म्हणून मारही खाल्लाय. मी मागे उभी राहिले. ओठ गोळा केले. नुसती फुस्सकन हवा आली.

पुन्हा केलं. ओठ गोळाच होईनात, गाल दोन्ही बाजूंनी ताणलेले. गाडी मागे येत होती. मी दोन्ही तळव्यांनी फाळका बडवला तेव्हा कुठे ती थांबली.

हे खाली उतरून मागे आले. "काय व्हयनं?"

"व्हट सुकी ग्यात," मी म्हणाले.

हे जवळ आले. माझ्या गालाच्या फुगवट्याकडे बघत राहिले. मग माझ्यासमोर तीन बोटं धरली. त्या बोटांचा तांबडेपणा अजून गेला नव्हता, नखांत तर काळी रेघ होतीच. मला शिसारी आली.

"पहिले ते थुकी दे," हे म्हणाले.

हमाल बघत होते. मी मान वळवली आणि तिथेच, ओट्याच्या कडेला, थुंकले. मग तोंड उघडलं.

दोन बोटं गेली.