टाळीसाहेबांची सोमवारची सभा

सिंधू अक्कांना कामावरून काढलं ते पोळ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी पावणेदहाला. त्या डबा हातात घेऊन गेटबाहेर उभ्या होत्या आणि आत शेडमध्ये आम्ही सव्वाशे माणसं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे ज्या माणसाबद्दल लिहिणार आहे तो ऐकायला फार गोड वाटतो. वाचता वाचता तुम्ही विरघळाल. आम्हीही विरघळलो होतो.

त्यांचं नाव लिहीत नाही. जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या चटईच्या कारखान्यात ते समोर असले की मॅनेजरसाहेब आणि पाठ वळली की टाळीसाहेब. माणूस धुळ्याचा. शनिवारी दुपारी धुळ्याची एसटी धरणार आणि सोमवारी साडेनऊला कडक इस्त्रीच्या फिकट निळ्या शर्टात शेडच्या मधोमध हजर. लूम थांबायचे, आम्ही गोल करून उभे राहायचो, आणि साहेब दोन्ही हात वर करून म्हणायचे, "एक, दोन, आणि मनापासून!" तिसरी टाळी मनापासून आली नाही असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून. कान मात्र तिखट. कोपऱ्यातल्या रोलरचं बेअरिंग महिनोन्‌महिने किंचाळत होतं, ते त्या कानांना कधी ऐकू आलं नाही. पण मागच्या रांगेत कुणी टाळी चोरली, की लगेच, "पंडितभाऊ, तब्येत बरी आहे ना?"

पंडितभाऊ चोपड्याकडचे, लूमवर सगळ्यांत जुने. साहेबांचं आवडतं वाक्य होतं, "आपण कामगार नाही, आपण कुटुंब आहोत." ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पंडितभाऊ शेजारच्याला म्हणाले, "कुटुंब शे ना, मंग येक दिन घर जेवाले बलाव म्हना." मागची रांग फिस्सकन हसली. साहेबही हसले आणि म्हणाले, "वा! अशी एनर्जी पाहिजे!" आम्हाला वाटलं, धुळ्याचे असूनही साहेबांना आमची अहिराणी कळत नाही. कसलं काय! एकदा मी केबिनबाहेर कागद घेऊन थांबले होते तेव्हा आत फोन चालला होता, "जेवनी का वं माय? गोळी लिधी का?" आईशी अस्सल अहिराणी, आणि आमच्याशी छापील मराठी. त्यांना आमचं सगळं कळत होतं. न कळल्यासारखं दाखवण्यात सोय होती.

मी तेव्हा ऑफिसात कारकून होते. असोद्याहून सकाळच्या बसने यायचे, हजेरी लिहायचे आणि साहेबांची कार्डं सांभाळायचे. ही कार्डं म्हणजे त्यांची जादू. प्रत्येक माणसामागे एक कार्ड. बायकोचं नाव, मुलांची नावं, कोण कितवीत, कुणाच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सभेआधी साहेब सात-आठ कार्डं चाळायचे आणि शेडमध्ये जाऊन सहज आठवल्यासारखं विचारायचे, "काय म्हणते आमची वैष्णवी?" माणूस पाणी पाणी व्हायचा. वैष्णवी म्हणजे पंडितभाऊंची मुलगी. ती बारावी झाली तेव्हा साहेब स्वतः पेढे घेऊन लूमपाशी गेले. पंडितभाऊंचे डोळे भरले, म्हणाले, "इतल्या वरीसमा कोनी इचारं नही, साहेब." तो पेढा गळ्याखाली उतरायच्या आत साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "शेजारचा लूमही तुम्हीच बघाल ना, भाऊ? माझा तुमच्यावर विश्वास आहे." तोंडात पेढा असलेला माणूस नाही कसं म्हणणार? त्या दिवसापासून पंडितभाऊ दोन लूम बघतात.

वैष्णवीचं नाव कार्डावर मी लिहिलं होतं.

साहेबांना 'तक्रार' हा शब्द सहन होत नसे. ते आले तेव्हा टेबलावर तक्रार वही होती. तिचं नाव त्यांनी 'सूचना वही' केलं, आणि दिवाळीनंतर 'स्वप्न वही'. बायकांच्या संडासाची कडी तुटली, हे त्या वहीत स्वप्न म्हणून नोंदवलेलं आहे. चार महिने ते स्वप्नच राहिलं. बायका जोडीने जायच्या, एक आत आणि एक दार धरून बाहेर. कुणी आठवण केली की साहेब म्हणायचे, "प्रॉब्लेम घेऊन येऊ नका, सोल्यूशन घेऊन या." शेवटी रोलरवर काम करणाऱ्या लताने घरून सुतळी आणली आणि कडीच्या जागी बांधली. पुढच्या सोमवारी लताला 'स्टार'चा बिल्ला मिळाला. "हीच ती ओनरशिप!" आणि टाळ्या.

आता त्या रोलरचं सांगते. विणून झालेली चटई दोन रोलरमधून दाबून गुंडाळली जाते. रोलरवर लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. चटई अडकली की यंत्र बंद करायचं, जाळीचे चार बोल्ट काढायचे, चटई सोडवायची आणि पुन्हा सगळं बसवायचं. यात वेळ जातो, म्हणून उन्हाळ्यात साहेबांनी जाळीच काढायला लावली. ती स्टोअरच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली होती. रोलरवर सिंधू अक्का आणि लता असायच्या. अक्का अमळनेरकडच्या, पन्नाशीच्या, नऊ वर्षांपासून त्याच यंत्रावर. पोळ्याआधीच्या शनिवारी लताच्या ओढणीचं टोक रोलरने खेचलं. मान रोलरपासून वीतभर राहिली तेव्हा अक्कांनी बटण दाबलं. लता तिथेच मटकन बसली आणि हसायला लागली. हसू थांबेचना, मग अक्कांनी तिच्या तोंडावर पाणी मारलं.

सोमवारच्या सभेत साहेबांनी नेहमीसारखं आवाहन केलं, "मनात असेल ते मोकळं बोला. इथे बोलणाऱ्याचं कौतुकच होईल." एरवी कुणी हलत नसे. अक्का पुढे आल्या. "भाऊ, शनिवारले लतानी ओढनी रोलरमा गई. मी बटन दाबं म्हनीसन पोर वाचनी. ती जाळी परत बसाडा. टाया वाजाडाले दोन्ही हात ऱ्हावाले पाहिजेत ना?"

टाळ्या वाजवायला दोन्ही हात तरी शाबूत हवेत, एवढंच त्या बाईचं म्हणणं. कुणी हसलं नाही. पंडितभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. साहेबांनी एक क्षणही घालवला नाही, सगळ्यांत आधी त्यांनीच टाळी वाजवली. "एक्सलंट! अक्का, असं मनमोकळं बोलणारी माणसं हीच आपली ताकद!" अक्कांच्या पदराला त्यांनी स्वतःच्या हाताने बिल्ला लावला. अक्का लाजल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी त्यांना पुढे बोलावलं होतं.

सभेनंतर मला केबिनमध्ये बोलावणं आलं. "बेटा, अक्कांचं वाक्य वहीत जरा सकारात्मक लिही." मी लिहिलं, 'श्रीमती सिंधूबाई यांनी सुरक्षिततेबद्दल उत्साह व्यक्त केला.' हे वाक्य माझं आहे. उद्या अपघात झालाच तर आधी कुणी बजावलं होतं याचा कागदावर कुठे मागमूस राहू नये, याची सोय मी माझ्या सुवाच्य अक्षरात करून दिली. तेव्हा मला ती भाषेची सुधारणा वाटली.

पुढच्या सोमवारी अक्का आल्या तेव्हा गेटवर वॉचमन रघुनाथनानांनी त्यांना थांबवलं. ज्या ठेकेदाराकडून त्या कामावर होत्या त्याच्या यादीतून नाव कमी झालं होतं. आत साहेब सांगत होते, "आपल्या सिंधू अक्का आता विश्रांती घेत आहेत. नऊ वर्षांच्या सेवेबद्दल, एक, दोन, आणि मनापासून!" आम्हाला खरंच वाटलं, अक्कांनी स्वतःहून सोडलं. लताने तर रडत रडत टाळ्या वाजवल्या. आवाज गेटपर्यंत गेला. अक्कांनी विचारलं, "नाना, आज कोनं कौतुक शे?" नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "तुमनंच शे, अक्का." हे नानांनीच मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. सांगून डबा न उघडता उठून गेले.

मी तशीच केबिनमध्ये घुसले. "साहेब, अक्कांना का काढलं?"

"आपण कुठे काढलं? ठेकेदाराने माणसं बदलली."

"जाळी मागितली म्हणून काढलं."

साहेबांनी माझ्यासाठी खुर्ची सरकवली, पाण्याचा ग्लास पुढे केला. आवाज इतका मऊ की लोणी कडक वाटावं. "तुझ्यात आग आहे, बेटा. मला आवडतं ते. पण लीडरला सगळ्यांचा विचार करावा लागतो. एका माणसाने सभेत असा सूर लावला की सगळ्यांचं मनोबल खचतं." मग टेबलावरचं एक कार्ड उचलून म्हणाले, "आईचे गुडघे आता कसे आहेत?"

माझंही कार्ड होतं. ते कुणी लिहिलं, मला आजवर माहीत नाही.

मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली. आता कामगारांसाठी पत्रकं लिहिते, वाटते, शिव्या खाते. साहेब गेल्या महिन्यात धुळ्याच्या नव्या शेडवर बढतीने गेले. निरोपाला म्हणे त्यांचा कंठ दाटून आला होता. आला असेल, ते ढोंगी होते असं मला वाटत नाही, आणि तेच जास्त किळसवाणं आहे. त्यांना खरोखर वाटतं की आपण माणसांवर प्रेम करतो. शिवी देणारा मुकादम मी पाहिलाय. त्याच्याशी निदान भांडता येतं. साहेबांशी भांडायला गेलं की हातात पाण्याचा ग्लास येतो. माणसाला नावाने हाक मारून मग बोलायचं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. दारोदार फिरताना वापरते, आणि दर वेळी स्वतःची थोडी शिसारी येते. फरक एवढाच ठेवलाय की समोरचा बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहून घेते.

अक्कांना एमआयडीसीत कुणी काम देत नाही. ठेकेदार एकमेकांना सांगतात, "ती बाई सभेत बोलते." रोलरवर आता एकटी लता आहे. जाळी अजून बसलेली नाही.

तर आता तुम्ही, हे पत्रक वाचणारे. त्या सोमवारी शेडमध्ये जे उभे होते ते सगळे, आणि ज्यांच्या घरचं माणूस त्या शेडमध्ये किंवा धुळ्याच्या नव्या शेडमध्ये जातं तेही. कारखाना निरीक्षकांकडे द्यायचा अर्ज गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर ठेवला आहे. मागण्या दोन. रोलरला जाळी बसवा आणि सिंधू अक्कांना त्यांच्या जागी परत घ्या. आत्तापर्यंत त्यावर तीन सह्या आहेत, अक्कांची, रघुनाथनानांची आणि माझी. हळहळ नको, मला फोन करून "छान लिहिलंस" म्हणू नका. गुरुवारी अर्ज जाणार आहे. त्याआधी या, आणि पूर्ण नाव लिहून खाली सही करा.