चूलबंद आवतण

शेळगावची जयवंता अकरा वर्षं इंदापूरला प्रार्थनेला जायची, पण देवाची हाक आली नाही म्हणून तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. धाकटी जाऊ रेश्मा तीन महिन्यांपूर्वी तिच्याबरोबर जायला लागली आणि परवा सगळ्यांपुढं म्हणाली, "प्रभूनं मला नाव घेऊन बोलावलं."

जयवंताच्या अंगाची लाही झाली. तिनं चर्चच्या पाळकांना गाठलं. "सतरंज्या मी अंथरायच्या, अन् हाक तिला?"

पाळक म्हणाले, "बाई, लग्नाचं चूलबंद आवतण आलं, तर घरातल्या एकेकाला नाव घेऊन बोलावतात का?"

"न्हाय. सगळ्या घरानं जेवायला जायचं, चूल पेटवायची न्हाय."

"मग अकरा वर्षं चूल कोण पेटवतंय?"

जयवंता म्हणाली, "रेश्माचा बाप्तिस्मा कवा हाय? माझा त्याच्या आदल्या दिवशी धरा."