अप्पांची दाढी

अप्पा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते आरशात बघून. लग्नाआधी सुहास मला त्याच्या घरी घेऊन गेला होता. रविवारची सकाळ होती. अप्पा, म्हणजे सुहासचे वडील, खिडकीला टांगलेल्या आरशासमोर खांद्यावर पंचा टाकून उभे होते. अर्धा चेहरा फेसात. ते वळले नाहीत. आरशातूनच विचारलं, "राहतेस कुठे?"

"गोवंडीला."

"म्हणजे त्या कचऱ्याच्या डोंगराजवळ."

हा प्रश्न नव्हता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. मग त्यांनी आडनाव विचारलं. ते ऐकून रेझर उचलला आणि उरलेला अर्धा चेहरा अगदी सावकाश केला. तेवढा वेळ आम्ही दोघं दारातच उभे. शेवटी गालावरून तुरटी फिरवून ते आतल्या खोलीत गेले आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

आमचं लग्न कोर्टात झालं. अप्पा आले नाहीत. पुढे सासूबाईंच्या आग्रहाने मुलुंडला आमच्याकडे येऊ लागले, पण पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. घरात फिल्टर आहे, असं मी एकदा सांगून पाहिलं. "सवय आहे," म्हणाले. माझे वडील बाबासाहेबांचा फोटो छातीशी धरून परभणीहून मुंबईत आलेले. कोणाची कसली सवय असते, हे आमच्या घरात कोणाला शिकवावं लागत नाही. मी त्यांना पुन्हा पाणी विचारलं नाही.

सासूबाई गेल्या आणि वर्षभरात अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात कामातून गेला, उजवा पाय अर्धवट राहिला. बाटलीचा विषय तिथेच संपला, कारण आता ते आमच्याच घरात राहणार होते.

मी कामाला लागले. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या, गोळ्यांच्या वेळा फ्रिजवर लावल्या, फिजिओथेरपिस्ट ठरवली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज खाली उतरून चालले तर पाय राहील, नाहीतर माणूस पलंगाला लागेल. सगळी व्यवस्था चोख झाली. फक्त अप्पा दाराबाहेर पडेनात.

"चेहऱ्यावर हे गवत घेऊन मी चारचौघांत जाणार नाही."

मी दाढीचं इलेक्ट्रिक मशीन आणलं. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे डॉक्टरांचाही तोच सल्ला होता. अप्पांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. "हे बागेत वापर," म्हणाले. मग कोपऱ्यावरच्या सलूनमधला माणूस घरी बोलावला. त्याने डब्यातला फेस फसकन गालावर सोडला तसे अप्पा डाव्या हाताने त्याला ढकलत ओरडले, "केक सजवतोस का रे?" तो पुन्हा आला नाही. राहिला सुहास. त्याने कॉलेजपासून दाढी ठेवलेली, मुख्यतः बापाला चिडवायला. रेझर कसा धरतात हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी एकदा बसला. बापाचा वाकडा झालेला ओठ इतक्या जवळून बघून त्याचे डोळे भरून आले, हात कापायला लागला.

"रडायचं तर बाहेर जा," अप्पा म्हणाले. मग दाराकडे, माझ्याकडे बघून, "तू कर."

"मी का?"

"तुझा हात थरथरत नाही. आणि तुला माझी कीव येत नाही."

"नाहीच येत."

"म्हणून तर."

अप्पांची सगळी नोकरी मुलुंडच्याच एका कारखान्यात, तयार मालाच्या तपासणीवर गेली होती. दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा पगार त्यांनी आयुष्यभर घेतला. शिकवायला बसले तेही त्याच थाटात. पहिल्या दिवशी चेहऱ्याला हात लावू दिला नाही. फुगा मागवला. फुग्याला फेस लावायचा आणि रेझरने तो न फोडता काढायचा. ब्रश गरम पाण्यात भिजवून झटकायचा, साबणावर गोल फिरवायचा, फेस दह्यासारखा घट्ट झाला पाहिजे, बुडबुडे दिसले की परत पहिल्यापासून. मग रेझर. त्यांचा रेझर जुना, जड, पितळी दांड्याचा. वरची टोपी फिरवून उघडायची, दोन्ही बाजूंनी धार असलेलं पातं आत ठेवायचं, पुन्हा आवळायचं.

फुगा फुटला. फेस अप्पांच्या चष्म्यावर.

"रिजेक्ट," ते म्हणाले. "दाबतेस कशाला? रेझरला स्वतःचं वजन आहे, ते काम करतं. आपण नुसतं धरायचं. तुला प्रत्येक गोष्ट दाबून करायची खोड आहे."

"या घरात आल्यावर लागली."

"दुसरा फुगा घे."

फुगे फुटायचे थांबल्यावर मला चेहरा मिळाला. आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, मग फेस. डाव्या हाताने कातडी ताणायची, रेझर तिरका धरायचा, छोटे छोटे हात, केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने. हनुवटीच्या वळणावर माझा कोन चुकला. गोळ्यांमुळे रक्त थांबेना. मी तुरटी दाबून धरली होती आणि अप्पा छताकडे बघत शांतपणे म्हणाले, "मारायचंच असेल तर गळ्यापासून सुरुवात कर. हनुवटीने फार वेळ लागेल."

"बोलू नका, हलतंय."

"बघ, दाबतेच आहेस."

दाढी झाल्यावर डाव्या हाताची बोटं उलटी करून गालावर फिरवायची आणि निकाल द्यायचा, ही त्यांची पद्धत. कधी "रिजेक्ट", कधी "इथे परत". हात बसल्यावर तेही कमी झालं, पण "छान" हा शब्द त्यांच्या कोशात नव्हता. शनिवारी तर दाढीच नाही.

"का?"

"आमच्यात शनिवारी करत नाहीत."

"आमच्यात करतात. आणि तुमच्या पायाला शनिवारची सुट्टी नाही."

"पाय माझा आहे."

"ढकलायची व्हीलचेअर मात्र माझी असेल."

शेवटी शनिवारी ते खाली न जाता मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांची दारं बंद असताना, भिंतीच्या कडेने फेऱ्या मारायचे. बाकी दिवस सकाळी दाढी, मग काठी घेऊन खाली. मी ऑफिसला निघण्याआधी त्यांना सोसायटीच्या बागेपर्यंत सोडायचे. ते माझा हात धरत नसत. काठी टेकत माझ्या एक पाऊल पुढे चालत. पावसाळा सरेपर्यंत पाय चांगलाच सुधारला. फिजिओथेरपिस्ट खूश होती. मीही होते, कारण मी ठरवलेलं काम होत होतं.

बागेतल्या बाकावर अप्पांचे मित्र दामलेकाका बसायचे. एके सकाळी त्यांनी मला थांबवलं.

"अगं, तुमच्याकडे तो न्हावी येतो ना घरी, त्याचा नंबर दे मला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला सलूनच्या पायऱ्या चढवत नाहीत. हा म्हणतो, फार हलका हात आहे त्याचा."

मी अप्पांकडे पाहिलं. ते बदामाच्या झाडाकडे बघत होते.

"तुमच्या मित्रालाच विचारा," मी म्हटलं.

त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेले. अप्पांना वर आणताना लिफ्टपाशी विचारलं, "कोण न्हावी?"

"लोकांना घरातलं सगळं कशाला सांगायचं?"

"सगळं म्हणजे काय? माझा हात तुमच्या तोंडाला लागतो, हे?"

लिफ्ट आली. ते काठी टेकत आत शिरले.

"उद्यापासून त्या न्हाव्यालाच बोलवा," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

मी ब्रश धुऊन कपाटात ठेवून दिला. अप्पांनी मागितला नाही. दाढी वाढू लागली, पांढरी, खुंटासारखी. त्यांनी खाली जाणं सोडलं, मग पॅसेजही सोडला. पलंगावर बसून भिंत बघत राहायचे. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, स्नायू पुन्हा आखडायला लागलेत, असंच राहिलं तर आधीची मेहनत पाण्यात जाईल. बाथरूमला जाताना ते दांडीला लोंबकळत पाय ओढायचे. मला ते रोज दिसत होतं.

"सुजाता, जाऊ दे ना यार," सुहास म्हणाला. "म्हातारा माणूस आहे."

"म्हातारा आहे, मुका नाही. एक वाक्य बोलायचंय त्यांना. बोलू दे."

"आणि नाही बोलला तर? पाय जाईल त्याचा."

"तो निर्णय त्यांचा आहे, सुहास. इतकी वर्षं सगळे निर्णय त्यांचेच होते."

वाईट मलाही वाटत होतं, पण त्याहून राग मोठा होता.

मग एका संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं तर अप्पा हॉलमध्ये. खोलीपासून सोफ्यापर्यंत कसे आले कोण जाणे, घामाघूम झाले होते. माझी चप्पल पायातच होती. त्यांनी डाव्या हाताने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"दामले, ऐक. माझ्याकडे न्हावी बिव्ही कोणी येत नाही. सून करते माझी दाढी."

"कोण, सुहासची बायको? ती?"

"मला एकच सून आहे. सुजाता. गोवंडीची." एवढ्या वर्षांत माझं नाव मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. "मी तुला खोटं सांगितलं होतं. आणि तुझी ती करणार नाही, विचारूही नकोस. तिला वेळ नसतो, आणि तोंडाने फार वाईट आहे."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "झालं समाधान?"

"नाही," मी म्हटलं. "बसा तिथेच, पाणी गरम करते."

दुसऱ्या दिवशी आम्ही खाली गेलो. लिफ्टपासून गेटपर्यंत जायला पूर्वीपेक्षा खूप जास्त वेळ लागला, पण गेलो.

अप्पा गेल्यावर नातेवाईक म्हणाले, किती सेवा केलीस, शेवटी मनं जुळली. मी वाद घातला नाही, पण मनं जुळली नव्हती. त्यांनी बाटलीबद्दल किंवा त्या दारात उभं केल्याबद्दल कधी खेद दाखवला नाही, आणि दाखवला असता तरी मी लगेच विरघळले नसते. आम्ही रोज सकाळी भांडत होतो आणि रोज सकाळी दाढी होत होती, एवढंच. लोकांना मी शेवटची सकाळ सांगत नाही.

त्या सकाळी अप्पा उठले तेच धापा टाकत. ॲम्ब्युलन्सला फोन केला, सुहास तिला वाट दाखवायला गेटवर गेला. अप्पा पलंगाच्या कडेवर बसून म्हणाले, "दाढी."

"अप्पा, आज नाही."

"गाडी येईपर्यंत काय करणार आहेस? रडणार आहेस?"

ते बरोबर होतं. मी पाणी आणलं, फेस केला. त्यांचा श्वास वरखाली होत होता, त्यामुळे गळ्यापाशी फार सांभाळावं लागत होतं. मी घाईने हात मारत होते.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "मरतोय मी, तू नाहीस."

मी हात सावकाश केला. खाली गाडीचा भोंगा ऐकू आला, तरी सावकाशच केला. ॲम्ब्युलन्सची माणसं वर आली. आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, म्हणून त्यांनी खुर्ची आणली होती. अप्पांनी खुर्चीकडे पाहिलंही नाही. काठीही मागितली नाही. चांगला हात माझ्या खांद्यावर टाकला, सगळा भार देऊन उठले आणि म्हणाले, "चल."

लिफ्टपर्यंत ते चालत गेले.