मी बदललेलं आडनाव

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी दौंडला माझ्या घरी आला. आता चाळिशीला आलेला, मांडवगण फराट्याच्या बाजूला कांदा आणि ऊस करणारा. पाया पडला, पाणी प्याला आणि हातातली प्लास्टिकची फाइल माझ्या मांडीवर ठेवून म्हणाला, “गुरुजी, हे अक्षर तुमचंच हाय न्हवं?”

शाळेच्या जनरल रजिस्टरच्या एका पानाची ती झेरॉक्स होती. अक्षर माझंच होतं.

त्याच्या मुलीला फार्मसीला राखीव जागेवर प्रवेश मिळाला होता. ठरलेल्या मुदतीत जात पडताळणीचं प्रमाणपत्र दिलं नाही, तर प्रवेश रद्द होणार होता. समितीला आजोबांच्या पिढीतला एखादा जुना कागद लागतो. त्यांचं घराणं मेंढपाळांचं, वर्षातले आठ महिने फिरतीवर, त्यामुळे असा कागद एकच होता. आजोबांचे थोरले भाऊ लहानपणी मामाकडं राहून वर्षभर शाळेत गेले होते, तिथली नोंद. पण त्या नोंदीत आडनाव एक, आणि या घरातल्या सगळ्या कागदांवर दुसरं. दोघं सख्खे भाऊ आहेत हे कागदावरून दिसतच नव्हतं.

दुसरं आडनाव मी दिलेलं होतं.

या लिखाणात मी कुणाचंच नाव घेणार नाही. नावांच्या बाबतीत माझ्या हातून व्हायचं तेवढं झालं आहे. त्यांचं मूळ आडनाव ‘लंगडा’ या शब्दावरून पडलेलं होतं, एवढं सांगितलं तरी पुरे.

बत्तीस वर्षांपूर्वी मी नदीकाठच्या एका वस्तीवरच्या शाळेत रुजू झालो. दोन खोल्या, दोन शिक्षक. आमचं घर फुलं-भाजीपाला करणाऱ्या माळ्यांचं, आडनावाला कुणी हसावं असं काही नव्हतं. हा विद्यार्थी आठ वर्षांचा झाल्यावर पहिलीत आला. मेंढरांमागं हिंडणाऱ्यांची मुलं अशीच उशिरा यायची. हजेरीत मी त्याचं आडनाव उच्चारलं की वर्ग खिदळायचा. पोरं त्याच्यामागून पाय ओढत चालायची. त्या वेळी मी पोरांना रागावलो, असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. खरं हे आहे की पहिल्या दिवशी मलाही हसू आलं होतं आणि त्यानं ते पाहिलं होतं.

आठवडाभरानं मी रजिस्टर काढलं आणि गावाच्या नावापुढं ‘कर’ लावून नवीन आडनाव लिहून टाकलं. ते त्या गावचे नव्हतेच, नुकते तिथं बसले होते. कुणाला विचारलं नाही. मी एका मुलाचं भलं केलं, असं वाटून त्या दिवशी मला छान भूक लागली होती. पुढं त्या दाखल्यावरून रेशनकार्ड झालं, रेशनकार्डावरून मतदार यादी, मग सातबारा, मग आधार. एका ओळीवरून एक अख्खं घर भावकीतून वेगळं झालं.

“मागं एकदा तर लईच गंमत झाली,” विद्यार्थी म्हणाला. “एक मध्यस्थ माझ्या पोरीला स्थळ घेऊन आला. म्हनला, पोरगा निर्व्यसनी, घर चांगलं. कुणाचं म्हणून विचारलं, तर चुलत्याच्या नातवाचं! म्हनलं, बाबा, बांधाला बांध हाय आमचा, भाऊ लागतोय तो तिचा.”

“मग?”

“मग काय, त्यो म्हनतो, आडनाव तर येगळं हाय की!”

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. मग त्यानं कामाचं सांगितलं. नोंद करणाऱ्या शिक्षकानं प्रतिज्ञापत्र दिलं, की दोन्ही आडनावं एकाच घराची, तर समिती ऐकेल असं वकील म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतल्या एका सहकाऱ्याला विचारलं. तो कागदपत्रांत मुरलेला. म्हणाला, “द्या की. पण ‘पालकांनी सांगितल्यावरून नोंद केली’ असं लिहा. स्वतःच्या मनानं बदललं म्हणालात, तर रिटायरमेंटला चार वर्षं राहिलीत सर, चौकशी मागं लावून घ्याल.”

मला ते पटलं. इतक्या लवकर पटलं, याची मला आज लाज वाटते.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून डोक्यातून जाईना. ते आडनाव मुळात पडलं कसं असेल? गावावरून ‘कर’, कामावरून पाटील आणि कुलकर्णी, एवढं मी मुलांना शिकवत आलो होतो. त्यापलीकडं मी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. मग विचारत सुटलो. रेल्वे कॉलनीत राहणाऱ्या एका निवृत्त गार्डचं आडनाव एका गावावरून आलेलं, पण ते गाव कुठं आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. “रजा काढून शोधायला गेलो,” ते म्हणाले, “तर त्या नावाची दोन गावं निघाली. दोन्हीकडं जेवायला घातलं आणि दोन्हीकडं म्हणाले, तुम्ही आमचेच!” आमच्या वरच्या खोलीत बिहारचा एक भाडेकरू राहतो, कुरकुंभच्या एका कारखान्यात कामाला. त्याला विचारलं तर म्हणाला, “सर, हमारा तो है ही नहीं.” कंपनीचा कॉम्प्युटर आडनावाची जागा रिकामी सोडू देईना, म्हणून तिथं त्याचं नावच दुसऱ्यांदा टाकलं होतं. पगाराच्या चिठ्ठीवर तो जुळा दिसतो.

माणसं किती आनंदानं सांगतात, याचं मला नवल वाटत राहिलं. बत्तीस वर्षांपूर्वी एका माणसाला एवढाच प्रश्न विचारायचा होता.

तो माणूस, म्हणजे विद्यार्थ्याचे वडील, अजून आहेत. सगळे त्यांना आबा म्हणतात. एका रविवारी मी मोटरसायकलवरून त्यांच्याकडं गेलो. जाताना मनात दोन गोष्टी होत्या. आडनावाची कथा ऐकायची, आणि ‘मीच सांगितलं होतं’ असं आबांकडून वदवून घ्यायचं.

आबा शेडजवळ बाजेवर बसले होते. मेंढरं आता पंधरा-वीसच, हौसेपुरती. मी आडनावाचं विचारलं, तसे ते सावरून बसले.

“माझ्या आज्याचा आजा,” ते म्हणाले. “कोकणात उतरताना घाटात त्याचा पाय मोडला. वाडा, म्हंजी समदी माणसं-मेंढरं, काय थांबतोय व्हय? मेंढरं पुढं न्यावीच लागत्यात. तवा ह्यो म्हनला, तुमी जावा, आन् ज्या मेंढ्यांला चालवत न्हाई त्या माझ्यापाशी ठिवा. अकरा ठिवल्या. चार म्हयन्यांनी वाडा माघारी आला, तर अकराच्या अकरा जित्या, आन् वर कोकरं!”

“मग लोक त्याला लंगडा म्हणायला लागले?”

“लंगडाच हुता की! खोटं कशाला? पर तवापासून कुणाचं जनावर अधू झालं, की आमच्या वाड्यात आणून सोडायचे. लंगड्याच्या वाड्यात घाला, जगंल, म्हनायचे. त्येच पडलं आडनाव.”

वर्गात ज्या शब्दाला आम्ही हसत होतो, तो अधू जनावर सोपवताना लोक विश्वासानं घ्यायचे.

थोड्या वेळानं आबाच म्हणाले, “त्या कागदाचं पोरानं सांगितलं मला. तुमी लिवा, आबानंच बदलाया सांगितलं म्हून. माझं आता काय वाकडं हुणार हाय? तुमची नोकरी हाय.”

मागायला आलो होतो ते न मागताच मिळालं.

“आबा, तुम्हाला तेव्हा कळलं होतं का, मी बदललं ते?”

“कळलं की. आलो हुतो एकदा साळंत इचाराया. तुमी कामात हुता, म्हून माघारी गेलो.”

मी कामात नव्हतो. मला तो दिवस स्वच्छ आठवतो. आबा व्हरांड्याखाली उभे, काठी भिंतीला टेकवलेली. म्हणाले होते, “गुरुजी, आमचं नाव हाय त्येच ऱ्हाऊ द्या.” मी खुर्चीतून न उठता म्हणालो होतो, “तुम्हाला यातलं कळत नाही. पोराचं भलं कशात आहे ते मला कळतं.” तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि ते माझ्या वडिलांच्या वयाचे. बत्तीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्यांची हरकत नव्हती. ते वाक्य त्यांनाही आठवत असणार. ते गाळून त्यांनी मला सांगितलं.

शिरूरला प्रतिज्ञापत्र टाइप करताना मी सांगितलं, “पालकांची हरकत असताना, स्वतःच्या मनाने आडनाव बदलले.” टायपिस्ट थांबला. “सर, हरकतीचं कोण विचारतंय? काढू का?” मी म्हटलं, राहू द्या.

पुण्यात सुनावणीला समितीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, “पण का बदललंत?” माझ्याकडं सुधारणेची, समतेची बरीच वाक्यं तयार होती. तोंडातून निघालं, “मला ते आडनाव आवडलं नव्हतं.” त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी, मुदत संपायच्या आत, प्रमाणपत्र आलं. त्याच आठवड्यात आमच्या खात्याची नोटीसही आली. खुलासा दिला आहे, निर्णय अजून व्हायचा आहे. रात्री झोप लागते, एवढं सांगतो.

प्रमाणपत्र दाखवायला त्यांनी मला घरी बोलावलं. मुलीनं आबांना वाचून दाखवलं. दोन्ही आडनावं होती आणि मध्ये एक शब्द.

“ऊर्फ म्हंजी काय गं?” आबांनी विचारलं.

“म्हणजे हे आन् ते एकच, आबा.”

“आं? ह्येच्यासाठी पुण्याला हेलपाटं घातलं व्हय तुमी?” आबा म्हणाले आणि मला जेवून जायचा आग्रह करू लागले.