ओरडू नकोस, सांगतो

"मला रोज हजारो लोक शिव्या घालतात आणि त्यातल्या एकालाही मी ओळखत नाही," ताई एकदा म्हणाली होती.

खोटं नव्हतं. वीज गेली, बिल चुकलं, कार्ड अडकलं की लोक ज्या नंबरवर फोन लावायचे, तिथे आधी ताईच बोलायची. 'आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा.' अकरा वर्षं तिने हेच काम केलं. एक ते शंभर आकडे तिने दोन-दोनदा म्हणून ठेवले होते. एकदा आवाज वर ठेवून, वाक्याच्या मध्ये बसवायला, आणि एकदा खाली आणून, शेवटी लावायला. यंत्र ते हवे तसे जोडून घ्यायचं. एके दिवशी कंपनीने कळवलं की सगळं म्हणून झालंय, आता यायची गरज नाही. आवाज तिकडेच राहिला, ताई घरी आली. चुलतभावंडांनी तिचं नाव होल्डताई पाडलं.

मग तिने पॉडकास्ट काढला. बंद पडलेल्या धंद्यातल्या माणसांना बोलतं करायचं. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून ती कपड्यांच्या कपाटात शिरून बसायची, मांडीवर उशी, उशीवर माइक. भावजी दारावर टकटक करायचे. "अगं, माझा निळा शर्ट मुलाखत देतोय का? मला ऑफिसला जायचंय."

नऊ भागांना मिळून छत्तीस श्रोते होते, त्यात निम्मे नातेवाईक. एकाने लिहिलं, 'छान आहे, पण सारखं वाटतं, आता एक दाबा म्हणतील.' भावजी ते वाचून मोठ्याने हसले आणि पुढचे दोन दिवस स्वतःचा चहा स्वतः करून प्यायले.

तिची पद्धतच तशी होती. मुलाखत झाली की घरी येऊन ती आपले प्रश्न कागदावर नीट लिहून काढायची, श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने रेघ मारायची आणि कपाटात बसून ते पुन्हा म्हणायची. मूळच्या प्रश्नांच्या जागी हे धुतलेले प्रश्न बसायचे. मूळचे त्याच संध्याकाळी पुसून टाकायची. ही कंपनीतली सवय. चुकलेलं वाक्य शिल्लक ठेवलं की नेमकं तेच कुठेतरी जाऊन बसतं, असं तिथे शिकवलं होतं. पाहुण्याच्या शब्दाला मात्र ती कात्री लावत नसे. तो त्यांचा मान, म्हणायची.

दहावा भाग बाबांचा. पॉडकास्ट चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तिच्याकडून एक भाग मागवला होता. पसंत पडला तर वर्षभराचा कार्यक्रम, खरा स्टुडिओ.

"हे नाही जमलं तर बास," ती मला म्हणाली. "त्रेचाळीस वर्षांची झाले. स्वतःचं म्हणून एक वाक्य नाही माझ्या आवाजात."

बाबा चष्म्याच्या काचा घासायचे. मशीन आलं आणि दुकान गेलं. चाळीस मिनिटं ते काचेबद्दल, पाण्याबद्दल, बोटांच्या सालांबद्दल बोलले. मी माइक धरून बसलो होतो. मग ताईने हातातला कागद बाजूला ठेवला.

"बाबा, दुकान बंद झाल्यावर सहा महिने रोज डबा घेऊन कुठे जात होतात? आम्हाला का नाही सांगितलंत? आम्ही काय परके होतो?"

आवाज फाटला होता. लहानपणी मी मार्कांचा कागद गादीखाली लपवला, तेव्हा तिने ज्या आवाजात मला फैलावर घेतलं, तो हा आवाज. कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"ओरडू नकोस, सांगतो," बाबा म्हणाले. "दवाखान्यात बसायचो. बाहेरच्या बाकावर. तिथे बसलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, का बसलास म्हणून." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "एकदा नर्सने नाव विचारलं, तर दुसऱ्याच कुणाचं तरी सांगितलं."

त्या संध्याकाळी ताई कपाटात शिरली.

पॉडकास्टच्या कंपनीतल्या निवड करणाऱ्या बाईंनी तो भाग आमच्यासमोरच लावला. डोळे मिटून ऐकत होत्या. ताईचा आवाज आला, स्वच्छ, इस्त्री केलेला. 'त्या काळात तुमचा दिवस कसा जात असे?' आणि त्यावर बाबा. 'ओरडू नकोस, सांगतो.'

बाईंनी मागे घेऊन पुन्हा ऐकलं.

"हे कुणाला सांगतायत? इथे तर कुणीच ओरडत नाहीये."

ताईने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"वडील फार खरं बोलतात हो. पण समोर कोण बसलंय तेच कळत नाही. ओरडलेलं आहे ना तुमच्याकडे? तेवढं लावा, सोमवारी द्या. मी लगेच हो म्हणते."

"पुसलं," ताई म्हणाली.

"पुसलं?"

"रोजच पुसते."

रविवारी आम्ही पुन्हा बाबांच्या टेबलाशी बसलो. बाबांनी दाढी केली होती, केस पाणी लावून बसवले होते. हातात कागद होता.

"या वेळी नीट बोलतो गं," ते म्हणाले. "मागच्या वेळी अगदीच घरच्यासारखं बोललो."

ताईने श्वास घेतला. "बाबा, सहा महिने रोज डबा घेऊन कुठे जात होतात?"

शब्द सुटे सुटे पडले, प्रत्येक आपापल्या जागी. आवाज वर होता, पण तो वाक्याच्या मध्ये बसवायच्या आकड्यांसारखा वर होता.

"अगं, ओरडायचं होतं ना?" बाबा हळूच म्हणाले.

तिने पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्याने. पण मोठा झाला तो आवाज, राग काही आला नाही. तिसऱ्यांदा तिने टेबलावर हात आपटला, आणि माइकला धक्का लागला म्हणून लगेच "सॉरी" म्हणाली.

"असू दे, आता माझं घे," बाबा म्हणाले. खाकरले, चष्मा नाकावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

"त्या कालावधीत मी रुग्णालयाच्या बाकावर वेळ व्यतीत करत असे."

अक्षर न अक्षर स्पष्ट. 'असे'वर आवाज खाली आणला, शेवटी लावायचा तसा. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जमलं का रे?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. कानांवरचे हेडफोन काढून तिने ते बाबांच्या कागदावर ठेवले, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेली.