गप्प राहण्याची तालीम

तालमीच्या पहिल्या दिवशी मिसबाईंच्या पियानोशेजारी मी सरळ जमिनीवर मांडी घातली. फिडलचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवलं, परकर सावरला आणि ‘हं, होऊ द्या सुरू’ अशा थाटात वर बघितलं. मिसबाई हसून हसून लाल झाल्या. मला रागच आला. फिडल बसूनच वाजवतात, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. माझे वडील तसंच वाजवत.

वडील तांबट होते. नाशकात तांबट आळीत आमचं दुकान, दिवसभर हंड्या-घागरींवर हातोडे चालायचे. संध्याकाळी हातपाय धुऊन ते गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, देवळात कीर्तनकारबुवांच्या मागे फिडलच्या साथीला बसत. मला त्यांनीच शिकवलं, आणि वाद्याबरोबर साथीचा कायदाही शिकवला. बुवा दम घ्यायला थांबोत, पाणी पिवोत, नाहीतर ओळ विसरोत, सूर तुटता कामा नये. पुढचा थांबला की मागच्यानं तो धरायचा. मी त्यात इतकी तरबेज झाले होते, की बुवांना खोकला आला तरी तो सुरात झाकून टाकायची.

शरणपूरच्या मिशनच्या शाळेत माझं नाव घातलं होतं. तिथल्या गाण्याच्या मिसबाईंनी एकदा माझं फिडल ऐकलं आणि शाळेच्या बक्षीस समारंभासाठी एक विलायती गत मला दिली. मी एकटीनं वाजवायची आणि मिसबाई पियानोवर साथ करणार! आमच्या घरात आजवर कुणाला कुणी साथ केली नव्हती. आम्हीच सगळ्यांच्या मागे बसायचो. मी शरणपूरहून घरापर्यंत पळतच आले आणि आईला ही बातमी तीनदा सांगितली.

उभं राहून वाजवताना आधी मान दुखली, मग खांदा, मग दोन्ही. पण हळूहळू हात बसला. गतीचा जलद भाग तर असा काही जमला, की वाजवून झाल्यावर मलाच खुदकन हसू यायचं. आळीतल्या हातोड्यांच्या ठोक्यावर मी तो घोटायची. समोरच्या दुकानातले काका ओरडायचे, “अगं पोरी, जरा हळू! तुझ्या नादानं माझा हात पळतोय, हंड्याला पोचे पडतील!”

घोडं अडलं ते मध्यावर. तिथं माझी ओळ संपायची आणि पियानो बराच वेळ एकटा वाजायचा. त्या वेळात मी गप्प उभं राहायचं. छे! माझी ओळ संपली की कमान आपोआप तारेवर जायची आणि मी बारीकसा षड्ज लावून ठेवायची. मिसबाई थांबायच्या.

“मुली, येथे तुला काहीही वाजवायचे नाही,” त्या पुस्तकी मराठीत म्हणायच्या.

“पण मिसबाई, तुम्ही एकट्या पडता. तुमचा सूर कोण धरणार?”

“साथ मी करते आहे. तू नव्हे.”

कळत होतं, पण हात ऐकेल तर ना! शेवटी एके दिवशी त्यांनी पियानोचं झाकणच लावलं. पुढच्या तालमीत गप्प राहता आलं नाही, तर गत बोर्डिंगमधल्या दुसऱ्या मुलीला देणार, असं त्यांनी सांगितलं. ती मुलगी बरी वाजवायची, हे त्याहून वाईट. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. गत माझी होती आणि ती मला कुणालाही द्यायची नव्हती.

पुढच्या तालमीला मी कमान परकरात घट्ट धरून उभी राहिले आणि हात विसरायला म्हणून पियानोकडे कान दिला. तेव्हा पहिल्यांदा कळलं, की इतके दिवस तिथं काय वाजतंय हे मी ऐकलंच नव्हतं. माझीच ओळ होती ती! मिसबाई ती खालच्या सुरांत घोळवत होत्या, फिरवत होत्या आणि अलगद माझ्या दारापर्यंत आणून सोडत होत्या. मी कमान उचलली आणि बरोबर जागेवर आत शिरले. मिसबाईंनी मान डोलावली. मला नाचावंसं वाटलं.

समारंभाला वडील आले. काळा कोट, नवी टोपी, बसले अगदी मागच्या बाकावर. गत झोकात सुरू झाली. मधली जागा आली, माझी ओळ संपली, मी कमान खाली घेतली.

आणि मागच्या बाकावरून स्वच्छ, मोकळा ‘आऽऽ’ आला.

पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. कुणीतरी ‘शूऽऽ’ केलं. आवाज हलला नाही. पियानोला चिकटून, नेमक्या षड्जावर तो उभा होता. माझे कान तापले, पोटातून हसू उसळलं आणि डोळेही भरले. पण कमान मी हलवली नाही. पियानोनं मला दारापर्यंत आणलं, मी आत शिरले, आणि त्याच क्षणी मागचा आवाज अलगद थांबला. नंतरचा जलद भाग मी जसा वाजवला, तसा पुन्हा कधीच वाजवला नाही!

घरी येताना मी म्हटलं, “अण्णा, मी विसरले नव्हते हो. तिथं गप्पच राहायचं होतं.”

“असेल,” ते म्हणाले. “पण पुढचा थांबला की मागच्यानं सूर धरायचा असतो.”

आई दारातच उभी होती. कसं झालं, असं तिनं मला विचारलं, पण उत्तर वडिलांनीच दिलं.

“झकास झालं,” टोपी खुंटीला अडकवत ते म्हणाले. “आज हिच्या साथीला मी होतो.”